नव्या रंगावर पाणी पेपर: घरी मारायचा की पेंटरवरच सोडायचा?

इंदिरानगरी
बॉनेट आणि डावीकडचा पुढचा दरवाजा नाशकातल्या अंबडच्या एका गॅरेजात रंगवून आणला. शेड जुळलीय, त्याबद्दल तक्रार नाही. पण उन्हात तिरकं पाहिलं की बॉनेटवर संत्र्याच्या सालीसारखा दाणा दिसतो, आणि वायपरच्या बाजूला धुळीचे बारीक खडे लॅकरमध्ये (रंगावरच्या पारदर्शक थरात) अडकलेत. पेंटर म्हणतो, "महिन्याने या, रबिंग मारून देतो." माझा विचार असा: 2000 चा पाणी पेपर (ओला करून घासायचा सँडपेपर, आकडा मोठा तितका बारीक), मग 3000, मग कंपाउंड, म्हणजे चमक आणायची पॉलिश पेस्ट. डीए मशीन (फिरता फिरता डुलणारं पॉलिशर) मित्राकडे आहे. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये होऊन जाईल. करू की नको?

हिशेबी
नको. तुम्हाला जमेल की नाही हा मुद्दाच नाही. पैसे त्याने घेतलेत, फिनिशिंगही त्यानेच द्यायचं. तुम्ही एकदा पेपर लावला की उद्या कडेला रंग उडाल्यावर तो हात वर करणार: "साहेब, तुम्हीच घासलंय." आणि त्यात त्याचं काही चुकणारही नाही. महिनाभर थांबा की.

डबल कोट
महिना कशाला? लॅकर टूके असेल, म्हणजे हार्डनर घालून मारलेलं, तर ते दिवसेंदिवस कडक होत जातं. सुरुवातीच्या दिवसांत पेपर पटापट कापतो. महिन्याने तोच दाणा काढायला घाम निघतो, आणि 2000 च्या रेघा कंपाउंडने जाता जात नाहीत. चांगल्या टूके लॅकरच्या माहितीपत्रकात साधारण रात्रभर सुकल्यावर पॉलिश चालेल असं लिहिलेलं असतं. महिना थांबायचं ते वॅक्स आणि सिरॅमिक कोटिंगसाठी, कारण आतलं थिनर उडून जायला वाट मोकळी हवी. पेंटर लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात. किंवा गिऱ्हाईक विसरेल म्हणून वाट बघतात.

सातपूरचा जुना
विसरण्याचं काय काढलंत भाऊ? आयुष्य स्प्रे गन धरण्यात गेलंय, म्हणून सांगतो. माहितीपत्रक लिहिणारा 20 डिग्री धरून लिहितो. बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद तापवलेल्या खोलीत, 60 डिग्रीला भाजलेलं लॅकर दुसऱ्या दिवशी खुशाल घासा. पण आमच्याकडच्या छोट्या गॅरेजात बूथ कुठला? पत्र्याची शेड. नाशकात थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा हार्डनर काम करायचं जवळपास थांबतो. वरून बोट लावलं तर सुकलेलं वाटतं, आत कच्चंच असतं. अशावर पॉलिश मारलं तर आज आरसा दिसेल, पण लॅकर आकसलं की पेपरच्या रेघा पुन्हा वर येतात. मग शिव्या कोणाला? पेंटरला.

आणि ते टूकेच आहे हे कोणी सांगितलं? स्वस्तात काम केलं असेल तर एनसीही (हार्डनरशिवाय, नुसतं थिनर उडून सुकणारं) असू शकतं. बॉनेटच्या आतल्या कडेला, जिथे दिसत नाही तिथे, थिनरचं फडकं घासून बघा. एनसी असेल तर रंग फडक्यावर येईल. तसं झालं तर पेपरचा विचार सोडा.

बफवाला
थिनरची परीक्षा बरोबर, शंभर टक्के. पण घरी करूच नये हे पटत नाही. बिघडतं ते घाईने आणि कडांवर. झेरॉक्सचा कागद साधारण 100 मायक्रॉन जाड असतो. तुमचं लॅकर त्याच्या निम्मं धरा, आणि घडीच्या रेषेवर, दरवाजाच्या काठावर त्याहूनही पातळ. म्हणून आधी सगळ्या कडांवर मास्किंग टेप. पेपर तासभर पाण्यात भिजवा, पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. बोटांनी दाबून घासू नका, बोटांचे पन्हाळ उमटतात. मऊ रबरी ब्लॉक घ्या. थोडं घासलं की रबरी पट्टीने पाणी ओढून बघा: उंच भाग पांढरट मॅट झालेला दिसतो, खोलगट ठिपके अजून चमकत असतात. ते ठिपके पूर्ण घालवायच्या नादातच लोक आरपार जातात. थोडे राहू द्यायचे.

सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याचा रंग बघा. लॅकर घासलं जातंय तोवर पाणी दुधासारखं पांढरं. गाडीचा रंग पाण्यात दिसला की थांबा, लॅकर संपलं. (लॅकर नसलेल्या साध्या सॉलिड कलरला हा नियम नाही, तिथे पहिल्यापासूनच रंग येतो.)

डबल कोट
मशीन डीएच वापरा. बफ लावलेला वेल्डिंगवाल्याचा ग्राइंडर आणू नका. तो 11000 आरपीएमने फिरतो, लॅकर जळायला क्षणही लागत नाही.

हिशेबी
आणि पार्किंगमधली धूळ? सिंहस्थाच्या कामांसाठी सगळीकडे रस्ते उकरलेत. वाळूचा एक कण पेपरखाली आला तर 2000 च्या पेपरने 200 ची रेघ पडेल. वर सोसायटीत बोअरचं पाणी. जिथे सुकेल तिथे डाग.

कॉलेज रोडची
मला वेगळंच विचारायचंय. उजवा दरवाजा आणि दोन्ही फेंडर कंपनीच्या रंगात आहेत ना? त्यांच्यावर जवळून नजर टाका. शोरूममधून आलेल्या गाडीवरही बारीक दाणा असतोच. बॉनेट घासून आरशासारखं केलं आणि शेजारचे फेंडर दाणेदार राहिले, तर ते पॅनल रंगवलंय हे आंधळ्यालाही कळेल. गाडी विकताना समोरचा पहिलं हेच विचारेल, "ठोकली होती का?" दाणा शेजारच्या पॅनलइतका असेल तर काम उत्तम झालंय. हात लावू नका.

सातपूरचा जुना
ताई, लाख बोललात. आरसा मागणारे गिऱ्हाईक आणि मॅच मागणारे गिऱ्हाईक वेगळे असतात, हे कोणी समजूनच घेत नाही.

बफवाला
मान्य. पण खड्यांचं काय? ते तर काढायला हवेत.

इंदिरानगरी
फेंडर बघून आलो. दाणा आहे, थोडा बारीक आहे इतकंच. दाणा सोडला. वायपरजवळचे खडे तेवढे काढतो. पेंटरला फोन केला, टूके आहे म्हणाला, दोन कोट.

हिशेबी
फोनवर म्हणाला. लिहून दिलं का?

सातपूरचा जुना
दोनच कोट असतील तर खड्याला सरळ पेपर लावू नका. आजूबाजूचं लॅकरही घासलं जातं. खड्याच्या चारी बाजूंना टेप चिकटवा. नवी ब्लेड जवळजवळ आडवी धरून फक्त वर आलेलं टोक हलक्या हाताने खरवडा. मग पेन्सिलच्या मागच्या रबराला 2500 चा ओला तुकडा गुंडाळून तेवढ्याच जागी पाच-सहा हात. पॉलिश हाताने. मशीन मित्राला परत करून टाका.