दहाचा काटा

रॉक संगीत ऐकायचं तर मुंबईच गाठावी लागते, असं बरेच जण म्हणतात. अर्धंच पटलं. आम्ही चौघांनी आमच्या नाशिकच्या सुलाफेस्टला, म्हणजे सुला वाइनरीच्या संगीत महोत्सवाला, उघड्या अ‍ॅम्फीथिएटरात, गंगापूर धरणाकडून येणाऱ्या गार वाऱ्यात बँड ऐकलेत. बेस ड्रम कानाआधी छातीत वाजतो, ते हेडफोनमध्ये कुठलं!

आणि ‘कार्यक्रम ऐन रंगात आल्यावर बंद करतात’ ही नेहमीची तक्रार आयोजकांवर कशाला? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंदच. ठरावीक दिवशी सरकारने सूट दिली तरच बारापर्यंत. म्हणून आम्ही उजेड असतानाच पुढची जागा धरतो. शिवाय अकराला घरी. मुंबईहून परतताना कसारा घाटात रात्री अडीच वाजता पेंगणाऱ्या ड्रायव्हर मित्राला चिमटे काढावे लागतात, ते वेगळंच.