खर्चाची खरी माहिती नसताना विकसनशील देशांशी पर्यावरण करार कसा करावा?

अर्थजिज्ञासू: एचसीएफसी-२२ या शीतकाच्या उत्पादनात एचएफसी-२३ हा तापमानवाढ करणारा वायू आपोआप निर्माण होतो. क्योटो हवामान कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत तो जाळणाऱ्या विकसनशील देशांतल्या कारखान्यांना कार्बन क्रेडिट, म्हणजे उत्सर्जन टाळल्याबद्दलची विकता येणारी प्रमाणपत्रे, मिळत, आणि त्या हिशेबात १ टन एचएफसी-२३ म्हणजे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड धरला जाई. जाळण्याचा खरा खर्च मात्र कारखान्यालाच ठाऊक असे. अशा वेळी जादा पैसे न उधळता, पण विकसनशील देशावर भारही न टाकता, मोबदला कसा ठरवावा?

सह्यकडा: माझ्या मते खर्चापेक्षा आधाररेषेचा प्रश्न अधिक अवघड आहे. करार नसता तर किती वायू सुटला असता, हे कोणालाच मोजता येत नाही. शिवाय सरकारने स्वतःच कायदा केला तर आधाररेषा खाली येते आणि क्रेडिट बुडतात, म्हणजे कायदा लांबवण्यातच देशाचा फायदा होतो. यंत्रणेच्या आखणीकारांना याची कल्पना नव्हती असे नाही. त्यांनी ही सवलत जुन्या कारखान्यांपुरती ठेवली होती आणि एचसीएफसी-२२ च्या उत्पादनाच्या तुलनेत या वायूच्या प्रमाणावर ३ टक्क्यांची मर्यादाही घातली होती. तरीही आक्षेप आलेच, आणि २०१३ पासून युरोपीय संघाने ही क्रेडिट आपल्या बाजारात बंद केली.

ओझोनप्रेमी: ओझोन थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारात विकसनशील देशांना मदत देणाऱ्या बहुपक्षीय निधीने वेगळी वाट धरली. सीएफसी या ओझोन थराला घातक रसायनांचे उत्पादन बंद करण्यासाठी १९९९ मध्ये चीनला १५ कोटी आणि भारताला ८.२ कोटी डॉलर असे एकरकमी आकडे ठरले. पैसे मात्र हप्त्याहप्त्याने, दरवर्षीच्या उत्पादनाची पडताळणी झाल्यावरच मिळत. खर्च लपवता येतो, पण मोजक्या कारखान्यांचे उत्पादन लपवणे कठीण असते, म्हणून मोबदला जे तपासता येते त्याच्याशी जोडला गेला. भारताने २०१० ची मुदत असताना २००८ मध्येच उत्पादन थांबवले. (रक्कम थोडी सढळ हाताने ठरली होती की काय, अशी शंका घ्यायला येथे जागा आहे.)

अर्थजिज्ञासू: मोजक्या कारखान्यांपुरते हे पटते. पण जंगलतोडीसारख्या विखुरलेल्या गोष्टीत?

सह्यकडा: तिथे अडचण वाढते. नॉर्वेने दक्षिण अमेरिकेतल्या गयानाला जंगल राखण्याबद्दल पैसे देण्याच्या २००९ च्या करारात गयानातील तोड मुळातच अत्यल्प होती. केवळ तिचाच इतिहास धरला असता तर जंगल राखणाऱ्या देशाच्या पदरी जवळपास काहीच पडले नसते, म्हणून विकसनशील देशांची सरासरीही हिशेबात घेतली गेली. मला हे न्याय्य वाटते, पण त्यामुळे न घडणारी तोड टाळल्याचेही पैसे दिले जाण्याचा धोका उरतो. एचएफसी-२३ पुरते बोलायचे, तर ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने उत्पादकांना तो वायू स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेश दिला.