मदत हवी आहे: बाळाची नाळेतली नळी काढल्यावर रक्ताभिसरण कसं बघतात?

नमस्कार मंडळी, कणकवलीहून लिहितोय. बहिणीचं बाळ ३१व्या आठवड्यातच जन्मलं, वजन १४०० ग्रॅम, पाच दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. नाळेच्या धमनीतून घातलेल्या नळीवर रक्तदाब सतत दिसायचा. आता ती काढायची म्हणतात, कारण गुठळी आणि जंतुसंसर्गाची भीती. तेही पटतं. पण नंतर फक्त दंडावरचा इवलासा पट्टा! तो अधूनमधूनच आकडा देतो, शिवाय बाळ हललं की चुकतो.

डॉक्टर बोलले त्यातलं मला समजलं ते असं, की रक्तदाब ठीक दिसला तरी मेंदूला, आतड्याला रक्त पुरेसं पोचतंच असं नाही. म्हणून खाटेजवळच हृदयाची सोनोग्राफी (टूडी इको) करून रक्तप्रवाह बघतात. कपाळावर चिकटवायचा निअर इन्फ्रारेड सेन्सर मेंदूतला ऑक्सिजन दाखवतो. अंगावर चार इलेक्ट्रोड लावून हृदय किती रक्त फेकतं याचा अंदाज घेणारं यंत्रही असतं म्हणे. ही दोन्ही यंत्रं इथे नाहीत. आमची आजी तर विचारते, "इतक्या वायरी कित्याक रे?"

कोणाच्या बाळाला हे लावलं होतं का? कोल्हापूर किंवा गोव्यात बांबोळीला मिळेल का? आणि खर्च किती आला? फोंडाघाटातून एवढ्या बाळाला हलवायची मला तरी छाती होत नाही. आहे तिथेच रोज इको, लघवीचं माप आणि त्वचा दाबून रंग परततो का ते बघणं, एवढ्यावर निभावतं का? बालरोगतज्ज्ञ किंवा सिस्टर कोणी असाल तर जरूर सांगा. नळी बहुतेक उद्या काढतील.