गोठ्याच्या पाण्याला शेवग्याची पेंड

गोठा धुतलेलं पाणी तुरटीऐवजी शेवग्याच्या बियांनी निवळेल का, असं एकानं विचारलंय. निवळतं. पण चांगल्या बिया कशाला कुटता? तेल काढून उरलेली पेंड वापरा. गाळ बसवणारं प्रथिन पाण्यात विरघळणारं, ते तेलाबरोबर जात नाही, पेंडीतच राहतं. त्याच्यावर धन भार, शेणाच्या बारीक कणांवर ऋण. कण एकमेकांना चिकटून जड होतात नि तळाशी बसतात.

मी पेंड बारीक वाटून पाण्यात कालवतो, फडक्यातून गाळतो, ते पांढरट पाणी ओतून मिनिटभर जोरात आणि मग दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू ढवळतो. या हळू ढवळण्यातच सगळे घाई करतात. आधी काचेच्या चार बरण्यांत कमीजास्त घालून बघा. माझ्याकडून एकदा जास्त पडली, तर दुसऱ्या दिवशी टाकीला असा आंबूस वास सुटला की घरच्यांनी माझाच उद्धार केला. पेंड शेवटी कुजणारच.

यानं फक्त गढूळपणा जातो, मूत्रातला अमोनिया राहतोच. तो घालवायला अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या लाकडाच्या चिपा भरलेल्या चरांचं उदाहरण कुणी दिलंय, पण तिथे मक्याच्या शेतातून निचऱ्याच्या नळांनी नायट्रेटचं पाणी येतं. चिपांतल्या कार्बनवर जगणारे जिवाणू प्राणवायू नसताना त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. अमोनियावर ते जमत नाही, त्याचं नायट्रेट व्हायला आधी पाण्यात हवा सोडावी लागेल. मी तरी निवळलेलं पाणी सरळ नेपियर गवताला देतो.