मेकॅनिकलच्या मास्टर्सला बिझनेसची जोड: कुठले विषय घ्यावेत?

टॉर्क:
मेकॅनिकलमध्ये मास्टर्स सुरू होतंय, कल मॅन्युफॅक्चरिंगकडे. इलेक्टिव्हच्या चार जागा बिझनेसच्या विषयांना देता येतात. दुहेरी पदवीही आहे, पण एक वर्ष जास्त. काय घ्यावं, काय टाळावं?

ताळेबंद:
आधी अकाउंटिंग, त्यावर कॉस्टिंग, मग फायनान्स. चौथी जागा ऑपरेशन्सला. क्रम उलटा केलात तर फायनान्सच्या वर्गात अडकाल, तिथे ताळेबंद वाचता येतो असं धरूनच शिकवतात. मार्केटिंग, एचआर सोपे वाटतात म्हणून घेऊ नका.

फायनान्स कशाला, ते आकड्यांत बघा (चलन कुठलंही धरा). एक ब्रॅकेट मशीनिंगने (धातू कापून) 180ला पडतो, डाय कास्टिंगने 60ला. डाय, म्हणजे वितळलेला धातू ज्यात भरतात तो साचा, 6,00,000ची. नगामागे 120 वाचले, म्हणजे 5,000 नगांत डाय वसूल. इथवर कुठलाही इंजिनिअर येतो. पण वर्षाला नग 2,500च लागत असतील तर? डायचे पैसे आज मोजायचे, बचत येणार दोन वर्षांत. उद्या येणारे पैसे आजच्यापेक्षा कमी मोलाचे, म्हणून 12 टक्के दराने, बचत वर्षअखेरीस धरून, पहिल्या वर्षाच्या 3,00,000ची आजची किंमत 2,67,857, दुसऱ्याच्या 2,39,158. बेरीज 5,07,015. दोन वर्षांत 'वसूल' झालेली डाय 92,985 नी तोट्यात. तिसऱ्या वर्षी ऑर्डर टिकली तरच ती फिटते.

गिअरबॉक्स:
हिशेब बरोबर, पण तो 180चा आकडा आधी फोडून बघा. त्यात मशीन अवर रेट (मशीनच्या एका तासाचा खर्च) असतो आणि त्याच्या पोटात घसारा (मशीनच्या किमतीचा दरवर्षी खर्ची टाकलेला भाग), जागेचं भाडं. काम कास्टिंगला गेलं आणि मशीन नुसतं उभं राहिलं, तर हे खर्च वाचत नाहीत. समजा 180पैकी 40 तसले असतील, तर खरी बचत 80, आणि वसुलीला 5,000 नव्हे, 7,500 नग लागतात. मोकळ्या झालेल्या तासांना दुसरं काम असेल तर गोष्ट वेगळी.

आणि डायचा घसारा बचतीतून वेगळा वजा करू नका. 6,00,000 सुरुवातीलाच गेलेत. घसारा लागतो तो फक्त कराच्या हिशेबाला. परीक्षेत हमखास मार्क जातात ते इथेच.

टॉर्क:
आणि थिसिस?

गिअरबॉक्स:
टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि खर्च. ±0.1 मिमीचं ±0.02 केलं की बहुतेकदा ग्राइंडिंगची पायरी वाढते, तपासणी वाढते, रिजेक्शनही. ते अ‍ॅसेंब्लीत खरंच लागतं का, हे स्टॅक-अप (जोडलेल्या भागांच्या टॉलरन्सची बेरीज) काढून दाखवा आणि शेजारी नगाचा खर्च मांडा. कंपनीचे आकडे वापरणार असाल तर गोपनीयतेचा करार विषय नोंदवण्याआधी करा, नाहीतर थिसिस तयार आणि परवानगी लटकलेली. मूळ खर्च 100 धरून बाकीचे त्या प्रमाणात दिले तर कंपन्या सहसा अडवत नाहीत.

ताळेबंद:
दुहेरी पदवीची फी भरण्याआधी एकच विचारा: किती क्रेडिट दोन्हीकडे धरले जातात? दोनतीनच विषय धरत असतील तर त्या वर्षाचा भार जवळजवळ पूर्ण पदवीचा, वर थिसिस आणि लॅब एकाच सेमिस्टरला. मग चार इलेक्टिव्हच बरे.