शाळेच्या व्हॅनसाठी फोनचा नियम: ब्लूटूथवर बोलू द्यावं की तेही बंद?

घोडबंदर_पालक

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीपासून मानपाड्यापर्यंतच्या मुलांसाठी आमच्या पालकगटाने सहा व्हॅन ठरवल्या आहेत. जूनपासूनच्या करारात फोनबद्दल एक पान जोडायचं आहे. मसुद्यात सध्या एकच ओळ आहे: "गाडी चालवताना फोन हातात घेऊ नये." काही पालकांच्या मते एवढं पुरे, कारण सगळ्या काकांकडे ब्लूटूथ आहे. हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर, मग बोललं तर बिघडलं कुठे? बाकीच्यांना गाडी सुरू असेपर्यंत फोन पूर्ण बंद हवा आहे.

तर विचारायचं असं. ब्लूटूथवर बोलण्याने चालवण्यात नेमका किती फरक पडतो, हे आकड्यांत सांगता येईल का? नकाशासाठी फोन लावायचाच झाला तर कुठे लावावा? आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे काकांना फोन करणारे बहुतेक वेळा आम्हीच असतो. पावणेसात ते साडेसात या वेळात "काका, कुठे पोचलात?" हा एकच प्रश्न घराघरांतून जातो. तो थांबवून मुलांची खबर कशी मिळवायची?

ब्रेकलाइट

तुमच्या मसुद्यातली ओळ हातापाशी थांबते. चालवण्याचं मुख्य काम डोकं करतं, आणि फोन तेच अडवतो.

१९९७ साली टोरांटोत रेडेलमायर आणि तिब्शिरानी या संशोधकांनी ६९९ चालकांच्या अपघातांच्या वेळा त्यांच्या फोनबिलांशी ताडून पाहिल्या. फोनवर असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली. हात मोकळे ठेवून बोलणारे त्यातून सुटले नाहीत. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये, अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांवर असाच अभ्यास झाला. उत्तर तेच आलं: चौपट, हातातला फोन असो वा नसो.

"नजर रस्त्यावर" या मुद्द्याचं उत्तर अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मिळालं. तिथले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे नकली रस्ता दाखवणाऱ्या यंत्रात, चालकांची नजर कुठे पडते ते यंत्राने टिपलं. फोनवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडत होती, पण नंतर विचारल्यावर त्यांना ते फलक नीट ओळखता येत नव्हते. डोळ्यांनी पाहिलं, मेंदूने नोंद घेतली नाही. व्हॅनसाठी याचा अर्थ फार गंभीर आहे. थांब्यावरच्या बसच्या पुढून एखादं पोर रस्त्यात येतं तेव्हा काकांची मान सरळ, डोळे उघडे, आणि तरी ते पोर त्यांना दिसलेलं नसतं.

आता तुमच्या रस्त्यावरचा हिशेब. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. कोरडा रस्ता आणि चांगले टायर असतील तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे पावणेनऊ मीटरमध्ये थांबते. समजा, बोलण्याच्या नादात पाय ब्रेकवर जायला अर्धाच सेकंद जास्त लागला. तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे गेली, ब्रेकसाठी उरले सव्वातीन मीटर. सावध चालकाची गाडी ज्या जागी पूर्ण थांबली असती, त्या जागी ही गाडी अजून ताशी ३२ च्या वेगात असते. हा आकडा करारात मोठ्या अक्षरांत टाका. "अर्ध्या सेकंदाने काय होतं" म्हणणाऱ्याला तो लगेच कळतो.

मेसेज वाचण्याचं तर बोलायलाच नको. पाच सेकंद मान खाली म्हणजे ५५ मीटर गाडी आंधळी धावली.

ऐरोली_डेपो

ब्रेकलाइट, तुमचा हिशेब बरोबर, पण चित्र अर्धंच आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या लोकांनी खऱ्या गाड्यांत कॅमेरे बसवून जे अभ्यास केले, त्यांत हॅण्ड्सफ्री, म्हणजे फोन हातात न घेता, बोलण्याने धोका वाढलेला दिसला नाही. वाढला तो नंबर लावणं, फोन शोधणं, टाइप करणं यांत. ट्रकचालकांमध्ये मेसेज टाइप करताना धोका २३ पट निघाला होता. सगळंच एका मापाने मोजलं तर काका लोक नियम मनावर घेणार नाहीत. जो खरा जीवघेणा आहे तो आधी तोडा: स्क्रीनला हात आणि स्क्रीनकडे नजर.

ब्रेकलाइट

डेपोवाले, मुद्दा रास्त आहे आणि अभ्यासकांत या बाबतीत खरंच मतभेद आहेत. क्रम तुमचाच ठेवू: टाइप करणं सगळ्यात वाईट. पण कॅमेऱ्याच्या अभ्यासात चालक स्वतः ठरवतो कधी बोलायचं. रस्ता मोकळा दिसला की फोन घेतो, गर्दी दिसली की टाळतो. लांबच्या कंटाळवाण्या रस्त्यावर बोलण्याने थोडी जागही राहते. शाळेच्या व्हॅनला ही मुभा नाही. पालकाचा फोन वाघबीळच्या गर्दीत वाजणार की मोकळ्या रस्त्यावर, हे काका ठरवत नाहीत. शिवाय दर दोन मिनिटांनी थांबा, दार, मागून दुचाक्या.

एक जण विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं आणि फोनवर बोलणं एकसारखं नाही. युटाच्याच २००८ च्या प्रयोगात चालकांना ठरलेल्या ठिकाणी महामार्ग सोडायला सांगितलं होतं. शेजाऱ्याशी बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते जमलं, फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोक पुढे निघून गेले. शेजारच्याला रस्ता दिसतो. समोर गुंता झाला की तो आपसूक गप्प होतो, "अरे, इथे वळायचंय ना" म्हणतो. घरी गॅसपाशी उभ्या असलेल्या आईला समोरचा कंटेनर दिसत नाही, ती बोलतच राहते.

सेटिंगवाला

फोनच्या बाजूचं मी सांगतो. इथे चुका होतात त्या बारीक असतात.

काकांचा स्वतःचा फोन: 'डू नॉट डिस्टर्ब' लावला की झालं, असं समजू नका. बऱ्याच फोनमध्ये 'रिपीट कॉलर्स' नावाचा पर्याय आधीपासून चालू असतो. त्याच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजू दिला जातो. आणि काळजीतला पालक काय करतो? लगेच दुसरा फोन करतो. म्हणजे नेमका जो कॉल अडवायचा तोच आत येतो. हा पर्याय बंद करा, तारांकित नंबरांची सूटही काढा.

दुसरी फट ब्लूटूथची. किल्ली फिरवली की फोन स्टिरिओला आपोआप जोडला जातो आणि कॉल स्पीकरवर खणखणतो. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत स्टिरिओच्या नावापुढच्या चाकावर टिचकी मारा, तिथे 'फोन कॉल्स'चं बटण असतं, तेवढं बंद करा. गाणी सुरू राहतील, कॉल जोडला जाणार नाही. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी 'फोकस'मधला 'ड्रायव्हिंग' लावावा. त्यात आपोआप उत्तर जातं, पण समोरच्याने 'अर्जंट' लिहून पाठवलं तर मेसेज आत येतो हे ध्यानात असू द्या.

नुसतं सायलेंट करून खिशात ठेवणं पुरत नाही. २०१५ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात एका लक्ष टिकवण्याच्या कामावर प्रयोग झाला होता. फोन उचललाही नाही, फक्त थरथरला किंवा वाजला, तरी चुका वाढल्या. "कोणाचा असेल" हा विचारच पुरतो. म्हणून फोन खिशात नको, मागच्या बॅगेत.

आता "कुठे पोचलात"चं उत्तर. व्हॅनचा एक वेगळा फोन घ्या, साधा अँड्रॉइड चालेल. तो मदतनीस मावशींकडे राहील. व्हॉट्सॲपच्या पालकगटावर लाइव्ह लोकेशन, म्हणजे गाडी आत्ता कुठे आहे हे नकाशावर दाखवणारा ठिपका, टाका. पर्याय तीनच आहेत: पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास. सकाळच्या फेरीला एक तास घ्या आणि पहिल्या मुलाच्या आधी, गाडी उभी असतानाच सुरू करा. लोकेशन मध्येच गोठतं ही नेहमीची तक्रार, आणि त्याची कारणं दोन. व्हॉट्सॲपची लोकेशन परवानगी 'ॲप वापरताना' एवढीच दिलेली असते, ती 'कायम' करा. आणि बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲपला झोपवतो, म्हणून बॅटरीच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला 'अनरिस्ट्रिक्टेड' ठेवा. हे नाही केलं तर ठिपका ओवळ्यालाच अडकलेला दिसतो आणि फोन आधीपेक्षा दुप्पट येतात.

काकांच्या नंबरवर येणारे कॉल फोन ॲपच्या सेटिंगमधून व्हॅनच्या फोनवर वळवता येतात. व्हॉट्सॲप कॉल मात्र त्याने वळत नाहीत, त्यामुळे काकांच्या फोनचा डेटा फेरीपुरता बंदच ठेवावा.

एल_बोर्ड

नकाशाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रोजच्या रस्त्याला नकाशा नको. घोडबंदर रोडवर तर तो त्रासच जास्त देतो. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, चारही ठिकाणी उड्डाणपूल. गाडी पुलावर आहे की पुलाखाली, हे फोनला नेहमी कळत नाही. तो मध्येच "यू टर्न घ्या" म्हणतो, आणि चालक खात्री करायला स्क्रीनकडे बघतो. ती जागा नेमकी खालचा आणि वरचा रस्ता एकत्र येण्याची असते. डावीकडून येणारी दुचाकी त्याच क्षणी सुटते.

बदली चालक आला आणि फोन लावावाच लागला तर डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, काचेच्या खालच्या कडेच्या खाली. मांडीवर नाही, गिअरपाशी नाही, एअरबॅगच्या झाकणावर तर मुळीच नाही. जागा बरोबर आहे का हे असं तपासा: सीटवर नेहमीसारखं बसा, समोर बघा, आणि मान न हलवता फक्त डोळे खाली करा. स्क्रीन दिसली तर ठीक, मान झुकली तर जागा चुकली. काचेला चिकटवायचा रबरी कप मे महिन्याच्या उन्हात सुटतो आणि खाली पडलेला फोन उचलायला हात जातो, म्हणून डॅशबोर्डला चिकटणारा किंवा स्क्रूने बसणारा स्टँड घ्या. पत्ता गाडी निघण्याआधी टाकायचा, आवाज चालू, आणि बघायचंच तर एका नजरेला दोन सेकंदांपेक्षा कमी. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने गाडीतल्या पडद्यांसाठी हीच मर्यादा २०१३ साली सांगितली.

फोन घेणं टळतच नसेल तर आधी व्हॅन सर्व्हिस रोडला किंवा पेट्रोल पंपात घ्या. डावा इंडिकेटर, थांबा, न्यूट्रल, हँडब्रेक, मग फोन. पुलाच्या कडेला किंवा बसथांब्याच्या तोंडाशी थांबू नका, मागच्याला थांबलेली व्हॅन दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बोलणं संपल्यावर लगेच गिअर टाकू नका. स्ट्रेयर यांच्याच २०१५ च्या चाचण्यांत, तोंडी आज्ञा घेणाऱ्या गाडीतल्या सगळ्यात वाईट यंत्रणा वापरल्यानंतर लक्ष पूर्ववत यायला २७ सेकंदांपर्यंत लागले होते. ४० च्या वेगात ते ३०० मीटर होतात. मनात तीस आकडे मोजा, आरसे बघा, मग निघा. सिग्नलला "पटकन बघून घेतो" म्हणणाऱ्यालाही हेच लागू: दिवा हिरवा झाला तरी डोकं अजून मेसेजमध्येच असतं.

फोनवर बोलणारा चालक बाहेरूनही ओळखता येतो. वेग नकळत उतरतो, पुढच्या गाडीपासून अंतर वाढतं, आरशांकडे नजर जाणं कमी होतं, आणि ब्रेक उशिरा पण जोरात बसतो. मागे बसलेल्या मुलांना हे धक्के जाणवतात. मावशींना एवढं सांगून ठेवा, त्या चार दिवसांत सांगतील.

घोडबंदर_पालक

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मसुद्याची पहिली ओळ पालकांसाठी केली आहे: "सकाळी ६.३० ते ७.४५ आणि दुपारच्या फेरीत चालकाच्या नंबरवर कोणीही फोन करणार नाही." त्याखाली पालकांच्या सह्या, मग काकांच्या. दोन गोष्टी राहिल्या. कायद्यात हे नेमकं कुठे बसतं? आणि खरंच तातडीचं काही असलं, म्हणजे शाळेला अचानक सुट्टी किंवा घरी कोणी अत्यवस्थ, तर काकांना कसं कळवायचं?

ऐरोली_डेपो

कायदा: मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक चालवणं. १ सप्टेंबर २०१९पासून गाडी चालवताना हातातलं फोनसारखं उपकरण वापरणं त्यात आलं आहे. पहिल्यांदा सापडल्यास १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास १०,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२०पासून नियमात एक सूट आली: हातातलं उपकरण फक्त रस्ता पाहण्यापुरतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. ब्लूटूथवर बोलण्याचं नाव त्या कलमात नाही, म्हणूनच तुमच्या करारात ते वेगळं लिहावं लागेल.

एल_बोर्ड

तातडीचा फोन व्हॅनच्या फोनवर, म्हणजे मावशींकडे. पण मावशींनी निरोप चालत्या गाडीत सांगायचा नाही. "काका, तुमच्या घरून फोन आहे" एवढं कानावर पडलं तरी काकांचं लक्ष तिथेच उडालं. त्यांनी फक्त "काका, पुढे सर्व्हिस रोडला गाडी घ्या" म्हणायचं. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला की मग काय ते सांगायचं. मुलं आत असतील तर काका बोलत असेपर्यंत दाराची कडी मावशींच्या हातात.