संत्र्याच्या फोडी ठेवल्या म्हणून चीजकेक पौष्टिक होतो का?

संत्रापट्टा, वरूड:
आमच्याकडे आता वाढदिवसाला संत्र्याचा चीजकेक यायला लागला आहे. 'फळं आहेत, दूधदुभतं आहे, खाऊ द्या पोरांना' असा आग्रह होतो. मला हे अजिबात पटत नाही. साध्या चीजकेकच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 320 कॅलरी आणि 22 ग्रॅम स्निग्धांश. प्रथिनं जेमतेम 5-6 ग्रॅम. चीज म्हटलं की लोकांना पनीर आठवतं. क्रीम चीज तसं नसतं, त्यात साय भरपूर, जवळपास तिसरा हिस्सा स्निग्धांशच. वरचं संत्रं बहुतेकदा साखरेत आटवलेलं, त्यात क जीवनसत्त्वही घटतं. गोड म्हणून खुशाल खा, पौष्टिक म्हणून वाढू नका.

मोर्शीकर:
काहून एवढं धरून बसले जी? पुरणपोळीवर वाटीभर तूप घेतो आपण, तवा कोणी कॅलरी मोजते का? संत्रा तोडाले जाणाऱ्या माणसाले एक तुकडा काही जड जात नाही. सणावाराले पोट्ट्यायच्या तोंडचा घास मोजू नये.

संत्रापट्टा, वरूड:
भाऊ, तोडणीवाल्याचं मी म्हणतच नाही. शाळेतून आलं की मोबाईल घेऊन बसणाऱ्या पोराचं म्हणतो. पुरणात निदान हरभऱ्याची डाळ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं 2000 कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसालाही वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत हवी. पोराचा वाटा त्याहून कमी. त्यातली बरीचशी एका मोठ्या तुकड्यातच संपते.

बचत गट, काटोल:
दादा, सगळे चीजकेक एका मापानं मोजू नका. आम्ही ऑर्डरला बनवतो तो घरच्या दह्याच्या चक्क्याचा. क्रीम चीजपेक्षा स्निग्धांश बराच कमी, प्रथिनं जास्त. मृगबहारातला बारका माल व्यापारी मातीमोल भावानं मागतो, तो इथे कामी येतो. फोडी सोलून कच्च्याच ठेवतो, तेही वाढायच्या वेळी, नाहीतर पाणी सुटतं.

संत्रापट्टा, वरूड:
ताई, चक्का आणि कच्च्या फोडी असतील तर माझा अर्धा विरोध गेला. साखर किती घालता?

बचत गट, काटोल:
किलोभर चक्क्याला पाव किलो.

संत्रापट्टा, वरूड:
तीही कमी नाही. डब्यावर तेवढं लिहून देत जा, घेणारा आपला हिशोब करेल.

मोर्शीकर:
लिहा बापा. पण पोट्ट्याच्या हातातला तुकडा मी तरी काढून घेणार नाही.